जिन्यावरचं भांडण

प्रिय दिग्या,

दीड वर्षात एक ओळ नाही. आधी शिव्या घाल, मग वाच. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात खिडकी लावायला मी हात वर केला, तर शेजारच्या पोराने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. क्षणभरच. मग सगळ्यांनी पाहिलं म्हणून भडकला आणि मला असं ढकललं की मी बाकावर आदळलो. (पोट आडवं आलं म्हणून वाचलो. हस.) याआधी दोनदा चोरीत सापडलेला. बैठकीत सगळे म्हणाले, काढून टाका. मीही सही केली. त्याने डोकं का झाकलं, हे तिथे बोललोच नाही.

आणि आपलं जिन्यावरचं भांडण आठवलं. मागच्या बाकावरच्या ‘त्या’च्या पाठीवरचे वळ. तू म्हणालास, बाप मारतो म्हणून तो असा. मी म्हणालो, तो असा म्हणून बाप मारतो. तीन आठवडे अबोला! माझी कंपासपेटी तेव्हापासून तुझ्याकडेच आहे.

आता रात्र रात्र वाचत बसतो. अमेरिकेत कॅथी विडम यांनी लहानपणी छळ किंवा हेळसांड झाल्याचं कोर्टात सिद्ध झालेली 908 मुलं आणि तशाच वयाची, तशी नोंद नसलेली 667 मुलं ताडून पाहिली. 1989 चा लेख. अल्पवयात अटक झालेले पहिल्यांत 26 टक्के, दुसऱ्यांत 17. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये हजारेक शाळकरी मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर फक्त बालपणी छळ होऊन थांबला त्यांच्यापेक्षा किशोरवयात ज्यांना तो सोसावा लागला, ती जास्त वाकड्या वाटेला लागलेली. म्हणजे आपण ‘आता मोठा झालाय, सोसेल’ म्हणतो, नेमकं तेव्हाच. आणि केनेथ डॉज यांनी 1990 मध्ये बालवाडीतल्या पोरांतच दाखवलं की मार खाल्लेलं मूल दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही वैर वाचतं. माझी खिडकी, दिग्या!

तू जिंकलास. पण ते 26 वाचताना माझं लक्ष उरलेल्या 74 वर गेलं. ऐन उन्हाळ्यात तू पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचास. आम्ही तुला ‘साहेब’ म्हणून चिडवायचो. जिन्यावर तू फक्त त्याच्यासाठी भांडत नव्हतास, हे मला आत्ता, पन्नाशीत कळतंय. मठ्ठ आहे मी.

बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

उद्या सही मागे घ्यायला जातोय. पुढचं मात्र सुचत नाही. बापाशी बोललो तर रात्री पोरालाच पडणार. न बोलावं तर मी पुन्हा जिन्यावरचाच. तेव्हा कोणी काय केलेलं तुला चाललं असतं? एवढंच लिही. नको वाटलं तर नुसती कंपासपेटी पाठव.

तुझा,
नान्या