'कॅश पार्टी' म्हणजे नोटा नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी 'कॅश पार्टी आहे' असे एजंट सांगतो, तेव्हा खरेदीदाराला गृहकर्ज नको, एवढाच त्याचा अर्थ असतो. अनेक जण तो शब्दशः घेतात आणि विसार रोखीने देतात. स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे. घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो, आणि तोही घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला.

पैसे तयार असल्याचा पुरावा म्हणून पासबुकाचा फोटो किंवा मोबाइलचा स्क्रीनशॉट विक्रेत्याने मुळीच चालवून घेऊ नये. बँकेच्या लेटरहेडवरचा, सही-शिक्क्याचा आणि ताज्या तारखेचा शिल्लक दाखला मागावा. त्यावरचे नाव करारातल्या खरेदीदाराचेच हवे. वडिलांचे पैसे वापरायचे असतील, तर ते आधी खरेदीदाराच्या खात्यात यावेत आणि बक्षीसपत्र करून ठेवावे.

मुदत ठेवीच्या पावतीवर विसंबणे सर्वांत धोक्याचे. त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून उचल, काढलेला असेल, तर पावती खरी असूनही पैसे हाती येत नाहीत. म्हणून 'ठेवीवर बोजा नाही' हे बँकेकडून लेखी घ्यावे. ठेव संयुक्त असेल, तर मोडताना दुसऱ्या ठेवीदाराचीही सही लागू शकते. तो परगावी असला की नोंदणीची तारीख हुकते. शेअर किंवा म्युच्युअल फंडातली रक्कम तर पूर्ण धरूच नये. बाजार पडला की तीच कमी भरते, शिवाय युनिट विकल्यावर पैसे खात्यात यायला काही दिवस जातात.

दाखला फक्त किमतीएवढा असून भागत नाही. पुणे शहरात ८० लाखांच्या फ्लॅटवर पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५,६०,००० आणि नोंदणी फी ३०,००० लागते. एकूण ८५,९०,००० झाले. सोसायटीचे हस्तांतर शुल्क, वकिलाची फी वेगळी. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल, तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावचा प्राप्तिकर, कापून भरायचा असतो, इथे ८०,०००. ते विक्रेत्याच्या रकमेतूनच जातात, हे आधी न सांगितल्याने ऐन नोंदणीच्या दिवशी वाद होतात.

खरेदीदारांनीही सगळे स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर फिरवू नये. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकावेत. विक्रेत्याला खात्री करायची असेल, तर दाखल्यावर छापलेल्या फोन नंबरवर विसंबू नये. दोघांनी मिळून शाखेत जावे, कारण खातेदाराच्या संमतीशिवाय बँक तिऱ्हाइताला माहिती देत नाही.

एजंटांना विनंती, जाहिरातीत 'कॅश पार्टी' ऐवजी 'कर्जाशिवाय खरेदी' असे लिहावे.

– एक वाचक, पुणे