‘रेसिंग’ म्हणून विकलेले स्की हेल्मेट शर्यतीआधी बाद : तक्रार आणि मागण्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
हिवाळी क्रीडा साहित्य विभाग

विषय : क्लास बी हेल्मेट शर्यतीसाठी म्हणून विकल्याबाबत

महोदय,

मुलीसाठी आपल्या संकेतस्थळावरून मागवलेले स्की हेल्मेट गुलमर्गला जायंट स्लॅलम या उतारावरून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी साहित्य तपासणीत बाद ठरले. विक्रीच्या पानावर त्याच्या नावातच ‘रेसिंग’ हा शब्द आहे. खाली ‘शर्यत व हौशी स्कीइंग, दोन्हींसाठी उपयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. ही बाब मी आपल्या ग्राहक सेवा विभागाला कळवली, तेव्हा ‘हेल्मेट ईएन १०७७ प्रमाणित आहे, उत्पादनात दोष नाही, परतीची मुदत संपली आहे’ एवढेच उत्तर आले. ते मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहिते, कारण उत्तर देणाऱ्यांना आपण काय विकतो हेच माहीत नसावे असे मला वाटते.

ईएन १०७७ या युरोपीय मानकात हेल्मेटचे दोन वर्ग आहेत. क्लास ए मध्ये संरक्षण कानांसकट डोक्याच्या जास्त भागाला मिळते. क्लास बी मध्ये कडक कवच कानांच्या वरच थांबते आणि कानांवर मऊ कापडी पॅड येतात. टोकदार वस्तू आत घुसते का, ही चाचणीही दोन्हींची सारखी नसते. क्लास ए साठी टोकदार वजन ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, क्लास बी साठी त्याच्या निम्म्या उंचीवरून. म्हणजे नुसते ‘ईएन १०७७ प्रमाणित’ म्हणून भागत नाही, वर्ग सांगावाच लागतो. आपल्या पानावर तो कुठेही नाही. गुलमर्गच्या तपासणी अधिकाऱ्यांनी हेल्मेट उलटे धरून आतले अस्तर वेलक्रोपासून सोडवले आणि मागच्या बाजूला फोमवर चिकटवलेले बोटभर लांबीचे लेबल आम्हाला दाखवले. मानकाचा क्रमांक, वजन, डोक्याचे माप आणि शेवटी अगदी बारीक अक्षरांत ‘क्लास बी’. त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आता शर्यतीचे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे एफआयएसने, २०१३-१४ च्या हंगामापासून डाउनहिल, सुपर-जी आणि जायंट स्लॅलम या वेगवान शर्यतींसाठी जास्त कडक निकष लावले. त्यात उतरलेल्या हेल्मेटवर मागे ‘एफआयएस आरएच २०१३’ असे न निघणारे लेबल असते आणि कानांवर कडक कवच असावेच लागते. तपासणीत अधिकारी आधी हे लेबलच शोधतात. ते नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि उरूही नये. त्या अधिकाऱ्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्यांनी माझ्या मुलीचे डोके जपले.

हा निव्वळ कागदी फरक आहे असे आपल्याला वाटत असेल तर आकडे पाहावेत. ईएन १०७७ च्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून, सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने सपाट पृष्ठभागावर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा हादरा २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटीच्या, आत राहायला हवा. एफआयएसच्या जादा चाचणीत वेग सेकंदाला ६.८ मीटर असतो आणि हादऱ्याची मर्यादा तीच, २५० जी. वेग पाव पटीने वाढला, तरी धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती दीड पटीहून जास्त होते. ही वाढीव ऊर्जा पचवायला हेल्मेटची घडणच तशी लागते. ‘रेसिंग’ हा शब्द छापून ती येत नाही.

तिची दुसरी शर्यत स्लॅलमची, म्हणजे आणखी जवळजवळच्या वळणांची होती. तिथे मऊ कानांचे हेल्मेट नियमात बसते, त्यामुळे निदान त्यात तरी ते चालेल अशी आम्हाला आशा होती. पण स्लॅलममध्ये खेळाडू वळणाची जागा दाखवणाऱ्या गेटचे खांब हाताने आणि नडगीने आडवे पाडत उतरतात. खांब बुडाशी बिजागरीवर असतात, ते उसळून परत येतात आणि थेट तोंडावर बसू शकतात. त्यासाठी हनुवटीपुढे चिन गार्डची दांडी बसवतात. आपल्या या ‘रेसिंग’ हेल्मेटला चिन गार्डचे स्क्रू बसवायला जागाच ठेवलेली नाही. प्रशिक्षकांनी तिला गेटमध्ये उतरू दिले नाही आणि योग्यच केले. वर्षभर पुण्यात टेकडीवर पळून, जिममध्ये पाय कमावून, बर्फाची वाट पाहत बसलेली सतरा वर्षांची मुलगी दोन्ही शर्यतींना कठड्यापाशी उभी राहून इतरांच्या वेळा लिहून घेत होती. आपण कोणत्या शर्यतीचा विचार करून हा शब्द छापलात, हे मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

क्लास बी हेल्मेट वाईट असते असे माझे म्हणणे नाही. सुट्टीत गुलमर्गला किंवा औलीला जाऊन स्की शिकणाऱ्याला मी तेच सुचवेन. ते हलके असते, हवा खेळती राहते, मागून येणाऱ्याची हाक ऐकू येते, दिवसभर घालून मान दुखत नाही. आतमध्ये मिप्सचा, म्हणजे तिरका मार बसल्यावर डोक्याभोवती थोडा सरकणारा पातळ थर असेल तर जास्तच चांगले. हेच हेल्मेट आपण ‘हौशी स्कीइंगसाठी’ म्हणून विकले असते, तर मला तक्रारीला जागा नव्हती. शर्यतीचे हेल्मेट जड, बंदिस्त आणि महाग असते, आणि पर्यटकाला त्याची गरज नसते. दोन्ही गिऱ्हाइके एकाच पानावर ओढण्यासाठी आपण हा फरकच पुसून टाकलात.

आपल्या चॅटवर मिळालेले दोन सल्ले तर थेट धोकादायक आहेत. खरेदीच्या वेळी मला सांगण्यात आले की थंडीत आत लोकरी टोपी घालायची असते, म्हणून एक माप मोठे घ्या. मी ते ऐकले नाही. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून जे माप येते तेच घ्यायचे, पट्टा न लावता मान हलवली तरी हेल्मेट जागचे हलता कामा नये, आणि गॉगलच्या वरच्या कडेशी कपाळ उघडे राहता कामा नये, हे प्रशिक्षकांनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. जाड टोपीवर घातलेले सैल हेल्मेट पडताना मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते.

दुसरा सल्ला हेल्मेट बाद झाल्यावरचा : ‘बाजारात कडक इअर पॅड मिळतात, ते गोंदाने चिकटवून घ्या.’ हे वाचून मी हादरले. असे वरून काही चिकटवले की मूळ प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही. शिवाय या हेल्मेटच्या आतला फोम थर्माकोलच्याच जातीचा आहे आणि कित्येक गोंदांमधल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. बाहेरून काही दिसणार नाही आणि आत पोकळी झालेली असेल. हा सल्ला आपण आणखी किती जणांना दिला आहे? चॅटची प्रत सोबत आहे.

महाराष्ट्रात बर्फ नाही, त्यामुळे दुकानात जाऊन स्कीइंगचे हेल्मेट डोक्यावर चढवून पाहण्याची सोय आमच्यापैकी बहुतेकांना नाही. स्कीइंग करणाऱ्या इथल्या मुलांचे पालक पानावरचे वर्णन वाचून पैसे भरतात. आमच्यासाठी ते वर्णन हाच दुकानदाराचा शब्द. परतीच्या मुदतीचा मुद्दाही इथे गैरलागू आहे. वस्तू नापसंत पडली म्हणून मी ती परत करत नाही. जे सांगून विकली ते ती नाही, म्हणून परत करते आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. हेल्मेटची पूर्ण किंमत, ते परत पाठवण्याचा खर्च आणि त्या शर्यतींचे प्रवेश शुल्क मला परत मिळावे. या हेल्मेटच्या नावातून आणि वर्णनातून ‘रेसिंग’ व ‘शर्यत’ हे शब्द काढावेत, आणि आपल्याकडच्या प्रत्येक स्की हेल्मेटच्या पानावर ईएन १०७७ चा वर्ग व एफआयएसचे लेबल आहे की नाही हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. हे मॉडेल ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांना आपण होऊन कळवावे, कारण त्यातले कुणी पुढच्या हंगामात जायंट स्लॅलमची तयारी करत असेल तर त्याला आत्ता समजले पाहिजे. आणि गोंदाचा सल्ला ज्यांना दिला असेल त्यांना तो मागे घेतल्याचे लेखी कळवावे. पैशांपेक्षा मला या शेवटच्या दोन गोष्टींची जास्त घाई आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा किंवा उपयोग याबद्दल दिशाभूल करणारे वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. हेल्मेट न वापरता, लेबलासकट, जसे आले तसे माझ्याकडे ठेवले आहे. ते न्यायला माणूस कधी पाठवता ते कळवावे.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे

सोबत : पावती, विक्रीच्या पानाची छायाप्रत, आतल्या लेबलाचा फोटो, तपासणीत बाद ठरल्याची नोंद, चॅटची प्रत