थर्माकोलच्या सर्फबोर्ड किटमध्ये होडीचे रेझिन : विकलेली किट परत मागवा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : आठ फुटी सर्फबोर्ड किटमध्ये इपॉक्सीच्या नावाखाली पॉलिएस्टर रेझिन पाठवल्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

माझे पैसे परत करायची तयारी तुमच्या माणसाने फोनवर दाखवली, त्याबद्दल आभार. पैसे मी घेईनच. पण तेवढ्यावर हे प्रकरण मिटवू नका, एवढे सांगायला हे पत्र लिहीत आहे. तुमच्या किटमधला फोम आणि त्याच किटमधले रेझिन (फोमवरच्या काचेच्या कापडात मुरवून कडक होऊ द्यायचे द्रव) एकत्र चालत नाही. रेझिन फोमवर पडले की फोम विरघळतो. हे किट अजूनही विक्रीला आहे आणि घेणारे बहुतेक जण आयुष्यातला पहिला बोर्ड करायला बसलेले असतात.

तुमच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिले आहे : ईपीएस फोम (म्हणजे थर्माकोल), सहा औंसाचे काचेचे कापड, इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर, फिन बॉक्स (खालचा पंख बसवायची खाच), लीश प्लग (पायाला बांधायची दोरी अडकवायची जागा). हे वाचूनच मी एप्रिलमध्ये किट मागवले. फोमबद्दल माझी काही तक्रार नाही. दाणा घट्ट होता, मधली लाकडी पट्टी सरळ होती आणि कुरियरच्या हाताळणीतूनही कोपरे शाबूत आले. तयार बोर्ड विकत घ्यायचा तर वेंगुर्ल्यापर्यंत त्याचे भाडेच किती होते हे मी चौकशी करून पाहिले आहे. म्हणून घरी करता येईल असे किट कोणी विकते याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मे महिनाभर संध्याकाळी मी त्या फोमला आकार देत होतो. आमच्याकडे पावसाळा सोडला तर लाट बहुतेक वेळा लहान आणि मऊ असते, त्यामुळे बोर्ड रुंद आणि जाड ठेवला : बावीस इंच रुंदी, तीन इंच जाडी, नाक गोल. हार्डबोर्डचा साचा करून बाहेरची रेघ मारली, आरीने कापले, मग रंधा, मग काचपेपर. सगळ्यात जास्त वेळ रेलला, म्हणजे कडेच्या गोलाईला गेला. दोन्ही बाजूंना बोर्डाच्या उंचीवर ट्यूबलाइट आडव्या बांधल्या आणि डोक्यावरचा दिवा बंद केला. असा आडवा उजेड पडला की हाताला न लागणारा उंचवटाही सावली टाकतो. डावी रेल उजवीपेक्षा किंचित भरलेली आहे हे मला त्या सावलीने दाखवले. खळ्याला चारही बाजूंनी ताडपत्री लावली होती, कारण थर्माकोलचे दाणे वाऱ्याने उडून सरळ समुद्रात जातात आणि मासा ते खातो. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की किटची किंमत पावतीवर दिसते, त्या फोमवर झालेले काम पावतीवर नसते. रेझिनची पाळी येते तोपर्यंत फोमची किंमत कितीतरी वाढलेली असते.

कापड अंथरून, कडेला दुमडायला पुरेल एवढे ठेवून कापले आणि रेझिनचा कॅन उघडला. झाकण निघताच तो उग्र वास आला. मालवण, वेंगुर्ला, हर्णै, कुठल्याही बंदरावर फायबरच्या होडीला मॅट मारत असतील तर वाऱ्याच्या बाजूला हाच वास येतो. शेजारचे काका होड्यांची दुरुस्ती करतात. त्यांना हाक मारली. त्यांनी कॅनकडे पाहिले, मग हार्डनरच्या बाटलीकडे पाहिले आणि म्हणाले, "इपॉक्सी न्हय ह्यां. ह्यां आमच्याच होडयेचां रेझिन."

त्यांनी ते बाटलीवरून ओळखले. तीन किलो रेझिनबरोबर तुम्ही मुठीत मावेल एवढी बाटली पाठवली आहे. इपॉक्सीला एवढ्याशा हार्डनरने काय होणार? इपॉक्सीत हार्डनर स्वतःच त्या प्लास्टिकचा भाग होतो, म्हणून तो दोनास एक, तीनास एक अशा मोठ्या प्रमाणात लागतो. पॉलिएस्टरमध्ये मात्र कॅटलिस्ट फक्त क्रिया सुरू करून देतो आणि तो साधारण एक ते दोन टक्के पुरतो. बाटलीचा आकार पाहूनच तुमच्या गोदामातल्या माणसाला शंका यायला हवी होती.

तरीही खात्री करून घेतली. नाकाकडून कापून काढलेले फोमचे दोन तुकडे घेतले. एकावर तुमचे रेझिन कॅटलिस्ट घालून ओतले, दुसऱ्यावर बाजारातून आणलेले थोडे इपॉक्सी. तुमच्या रेझिनखाली बघता बघता खळगा पडू लागला. कडेचे दाणे एकेक करून आत बसत गेले आणि तळाला गोंदासारखा चिकट लगदा राहिला. इपॉक्सी लावलेला तुकडा दुसऱ्या दिवशी कडक झाला होता आणि खालचा फोम जसाच्या तसा होता. दोन्ही तुकड्यांचे फोटो आणि पहिल्याचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे.

यात गूढ काही नाही. पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवण्यासाठी त्यात स्टायरिन असते. ईपीएस म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन, म्हणजे स्टायरिनपासूनच बनलेले, आणि ते स्टायरिनमध्ये विरघळते. पॉलिएस्टर सर्फबोर्डला चालते, पण पॉलीयुरेथेन फोमवर. गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर लाखो बोर्ड त्या जोडीने झाले आहेत. थर्माकोलवर इपॉक्सीच लागते. तुम्ही एका जोडीतला फोम घेतला आणि दुसऱ्या जोडीतले रेझिन.

मी फोन केला तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने आधी सांगितले की फायबरचे रेझिन सगळे एकच असते. नंतर म्हणाले, फोमवर पांढऱ्या गोंदाचे दोन हात द्या आणि मग लावा. हा सल्ला कृपा करून पुढे कोणालाही देऊ नका. दाण्यांमधल्या फटी आणि काचपेपरने उघडी पडलेली छिद्रे गोंदाने पूर्ण बुजत नाहीत. टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी स्टायरिन तिथून आत शिरते आणि वरून कापड गुळगुळीत दिसत असताना खाली पोकळी वाढत जाते. असा बोर्ड पाण्यात अंगाखाली मोडतो.

माझा फोम वाचला, कारण माझ्या शेजारी होडी दुरुस्त करणारे काका होते. देवबागला राहणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने हेच किट घेतले होते. त्याच्या शेजारी असे कोणी नव्हते. त्याने तुमच्या पत्रकाप्रमाणे सगळे केले, मापाप्रमाणे कॅटलिस्ट घातला, बोर्डाच्या मध्यावर रेझिन ओतले आणि स्क्वीजीने (रबरी पट्टीने) कडेकडे ओढत गेला. कापड मध्येच खाली बसले. त्याने मला दाखवला तेव्हा डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला, परातीएवढा खड्डा होता आणि लाकडी पट्टी उघडी पडली होती. आपल्याच हातून काहीतरी चुकले असे त्याला वाटत होते. त्याची काहीही चूक नव्हती. त्याच्या परवानगीने त्या बोर्डाचा फोटोही पाठवत आहे. त्याला रेझिनबरोबर फोमही नवा मिळाला पाहिजे.

आता त्या लहान बाटलीबद्दल, कारण मला तिची काळजी जास्त वाटते. तिच्यावर फक्त मार्करने 'एच' लिहिले आहे. पॉलिएस्टरचा कॅटलिस्ट बहुधा एमईकेपी असतो, म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइड. तो डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घाला, डोळ्यात गेले तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, एवढे तरी त्या बाटलीवर हवे होते. कॅनवर उत्पादकाचे नाव नाही, महिना-वर्ष नाही. पॉलिएस्टर काही महिन्यांत आपोआप घट्ट व्हायला लागते, त्यामुळे तारीख नसणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

मिरग आता तोंडावर आला आहे. इपॉक्सी आज पाठवलेत तरी मी पावसात लावणार नाही. दमट हवेत त्यावर मेणचट साय धरते, ती धुऊन घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. म्हणजे माझा बोर्ड दसऱ्यापर्यंत कच्चाच माळ्यावर राहील, आणि उघड्या फोमला बोट लागले तरी खळगा पडतो. नव्या पत्रकात किनाऱ्यावरच्या माणसासाठी दोन ओळी जरूर घाला. सकाळी ऊन चढत असताना लॅमिनेशन (फोमवर कापड आणि रेझिन चढवणे) करू नये, फोममधली हवा तापून फुगते आणि कापडाखाली बुडबुडे येतात. दुपार कलल्यावर, तापमान उतरत असताना करावे. आणि कालवलेले इपॉक्सी खोल मगात ठेवू नये, ते स्वतःच्या उष्णतेने तापून मगातच घट्ट होते. हे पत्रक मराठीत असावे. हवे तर मी ते फुकट तपासून देईन.

माझी मुख्य मागणी ही : हे किट विकत घेतलेल्या प्रत्येकाचा फोन नंबर आणि पत्ता तुमच्याकडे आहे. त्या प्रत्येकाला याच आठवड्यात कळवा की रेझिन फोमवर लावू नका. विक्री आजच थांबवा. चुकीचे रेझिन आणि ती बाटली तुमच्या खर्चाने परत न्या. कुरियरने साध्या पाकिटात नाही, अशा मालाच्या नियमांप्रमाणे. ज्यांचा फोम विरघळला त्यांना पूर्ण किट बदलून द्या. माझ्यापुरते म्हणाल तर रेझिनचे पैसे आले की मी इपॉक्सी दुसरीकडून घेईन.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणाऱ्या उत्पादकाची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये आहे, आणि धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. महिनाभरात तुम्ही इतर ग्राहकांना कळवले नाहीत तर मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, प्राधिकरणाकडे अर्ज करीन आणि देवबागच्या मुलासह जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

उरलेले रेझिन आणि बाटली मी एकमेकांपासून लांब, उन्हाबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली आहे. तपासणीसाठी तुमचा माणूस आला तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. पावतीची प्रत, कॅन व बाटलीचे फोटो आणि वर सांगितलेले फोटो-व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला एक ग्राहक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग