पाखाडीवरच्या आजींकडे आधी

पुणे, रविवार दुपार

प्रिय बाबा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबांच्या गोळ्या आणि गुडघ्याचं तेल कुरियरने पाठवलंय, मंगळवारपर्यंत पोचेल. आई, पाऊस थांबेपर्यंत विहिरीकडे तू जाऊ नकोस. चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं असेल.

बाबा, पाळक दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला आपल्याकडे आणतात, पण पाखाडीवरच्या आजी मंडळीच्या पंचांच्या यादीतून राहून जातात, असं गेल्या आठवड्यात फोनवर मी बोलले ते तुम्हाला लागलं. तुमच्या आवाजावरून कळलं. तुम्ही म्हणालात, मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पंचांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकून घेऊ नये, असं बायबलात प्रेषित पौल तीमथ्याला पत्रात सांगतो. बरोबर आहे, पहिलं पत्र, ५:१९. फोन ठेवल्यावर मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. सुरुवातीलाच आहे, वडीलधाऱ्या माणसाला टाकून बोलू नकोस, बाप समजून विनंती कर. ते मला लागू, म्हणून हे पत्र. मग तिसऱ्या वचनापासून सोळाव्यापर्यंत पौल विधवांबद्दलच बोलतो. साक्षीदारांचं त्यानंतर येतं. आणि त्याच्या पुढे दोनच वचनांवर, २१ मध्ये, देवाला, ख्रिस्ताला आणि देवदूतांना साक्षी ठेवून तो तीमथ्याला बजावतो, की काहीही पक्षपाताने करू नकोस.

मे महिन्यात मी आले होते तेव्हा पहिल्या रविवारी भक्ती आटोपून पाळक आपल्याकडे प्रभुभोजन घेऊन आले. आईने पेटीतला पांढरा टेबलक्लॉथ काढला होता. बाबा, तुमचा हात थरथरत होता, पाळकांनी प्याला खालून धरला. मला फार भरून आलं. तुमचं ऑपरेशन झाल्यापासून ते एक महिनाही चुकलेले नाहीत, याचे मी खरंच उपकार मानते.

संध्याकाळी मी पाखाडीवरच्या आजींकडे सोलं द्यायला गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "बाबांका प्रभुभोजन गावला मा?" मी हो म्हटलं. "बरा झाला," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, चुलीतलं लाकूड सारता सारता, "माका नाताळापासून गावूक नाय." तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस अजून यायचाय, असं सांगावं तसं सांगितलं.

त्यांच्या दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. उतरताना मोजल्या. त्यांचे गुडघे आईच्या गुडघ्यांपेक्षा वाईट आहेत. मी लहान असताना चर्चचा केर त्याच काढायच्या आणि कापणीच्या सणाला आपल्या माडाचे नारळ डोक्यावरून घेऊन यायच्या. भक्तीला मात्र शेवटच्या बाकावर, दाराजवळ. पंख्याखालचे बाक बंगल्यांतल्या घरांचे. आपणही तिथेच बसायचो. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या माणसाला "तू तिथे उभा राहा", हे याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सांगतो. तो तुम्हीच मला रविवारच्या शाळेत शिकवलात. तेव्हा आपला बाक मला दिसला नाही.

आजींना कोणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. घरभेटींची यादी करायला बसलेल्यांना जी घरं आठवली ती त्यांनी लिहिली. पण पंचांना पंचांचीच घरं आठवतात, बाबा. माझ्या वेळीही तसंच झालं. बारावीनंतर मंडळीच्या फंडातून माझी फी भरली गेली. त्याच वर्षी आजींच्या मुलीचाही अर्ज होता आणि तिला माझ्यापेक्षा मार्क जास्त होते. माझं नाव निघालं तेव्हा तुम्ही मीटिंगमधून उठून व्हरांड्यात जाऊन बसलात, हे आई अभिमानाने सांगते. मलाही तो अभिमान होता. पण तुम्ही बाहेर बसलात तरी आत बसलेले सगळे तुमचेच होते. ती काजूच्या फॅक्टरीत लागली. मी पुण्याला आले. तुम्ही काही वाईट केलं नाहीत, तरी ती फी माझ्या मनातून जात नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात हेच आहे. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा राहून जात होत्या. बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. साक्षीदारही मागितले नाहीत. सगळ्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफनापासून नीकलावापर्यंत त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची माणसं राहून जात होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटणी गेली. आपल्याकडेही घरभेटींची यादी आजींच्या खाडीकडच्या वाडीतल्या कोणाच्या तरी हाती द्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही आता कमिटीवर नाही, पण तुमचा शब्द तिथे अजून चालतो.

तेवढं मोठं काम लगेच नको. पुढच्या पहिल्या रविवारी पाळक आले की त्यांना एवढंच सांगा, आधी पाखाडीवर जाऊन या, आम्ही थांबतो. आई, तू आजींसाठी तो टेबलक्लॉथ दे त्यांच्यासोबत.

गणपतीची गर्दी ओसरली की मी कुडाळचं तिकीट काढते. पायऱ्या तोवर निसरड्याच असतील. मी येईन त्या पहिल्या रविवारी पाळकांची पेटी घेऊन मी वर जाईन.

तुमची लेक