मामा, पंचनाम्यात तुमचं नाव नाही

मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गाव या पत्रात लिहीत नाही. का ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही करवत खाली ठेवून आता बरीच वर्षं झाली, त्या व्यापाऱ्यानंही लाकडाचा धंदा सोडला, म्हणून निदान काय घडलं ते तरी सांगायला मी मोकळी आहे.

माझी बदली झाली. पदभार देताना जुन्या फाइली चाळत होते, त्यात ज्या आजींच्या रानात तुम्ही त्या व्यापाऱ्यासाठी झाडं तोडायला होतात, त्या रानाची फाइल निघाली. अर्ज, सातबारा, हद्दीचा नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, झाडांची यादी, पंचनामा, जबाब. जमीनमालकिणीचं नाव आहे, व्यापाऱ्याचं आहे, दोन्ही पंचांचं आहे, खाली माझी सही आहे. ज्या माणसामुळे तो पंचनामा झाला, त्याचं नाव कुठेच नाही. ते पाहून मला चैन पडेना.

मी कोल्हापूरजवळच्या ऊसपट्ट्यातली. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरचा आंबा, नाहीतर विहिरीवरचं उंबर. वनरक्षक म्हणून आजरा तालुक्यात रुजू झाले तेव्हा ऐन आणि किंजळ यांतला फरकसुद्धा मला पुस्तकात बघून सांगावा लागायचा. आणि काम तर असं, की लोकांच्या मालकीच्या रानात जायचं, त्यांच्याच झाडांना नंबर टाकायचे आणि तोड झाली की खुंट मोजायचे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: साग, ऐन, किंजळ, हिरडा, बिवळा, खैर, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं आपल्या सातबाऱ्यावरची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी मिळाली की झाडाला दोन ठिकाणी शिक्का मारतात. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो, बुडाचा खुंटावर राहतो. तपासणीला गेलं की खुंटावरचा शिक्का आणि यादीतला नंबर जुळवायचा. जुळला की मग वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात.

आजींच्या रानात 27 झाडांना परवानगी होती. वनपालसाहेबांनी शिक्के मारले होते, यादी मी लिहिली होती. तोड झाल्यावर खुंट मोजायला मात्र मी एकटीच आले. मार्चचं ऊन, चढ, सगळीकडे फांदोरा पडलेला. 27 खुंट मोजले, 27 शिक्के जुळले. व्यापाऱ्याचा माणूस गाडी भरायची घाई करत होता आणि मी दगडावर बसून अहवाल लिहायला घेतला होता. तुम्ही बाजूला करवतीला कानस मारत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "म्याडम, खाली वड्याचं पानी लई ग्वाड हाय. जावा, पिऊन या."

माझ्याकडे भरलेली बाटली होती. ती तुम्हाला दिसतही होती.

मी उठले आणि ओढ्याकडे उतरले. आधी काहीच दिसलं नाही. मग कारवीच्या पानांवर भुसा दिसला, ओला, ताजा. झाड नेता येतं, खुंट झाकता येतो, पण पानापानावर उडालेला भुसा कुणी पुसत बसत नाही, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या दिवशी मी नुसती भुशाच्या मागे गेले. एका जागी पालापाचोळ्याचा ढीग होता आणि त्यातून लाल काहीतरी पाझरत होतं. पाला बाजूला केला तर बिवळ्याचा खुंट. बिवळा कापला की रक्तासारखा लाल चीक येतो, हे मी वाचलं होतं, पण बोटाला लागला तो तेव्हाच. शेजारी आणखी तीन खुंट, ऐनाचे. बुडाला शिक्का नाही. ओढ्याच्या काठावरची सगळ्यांत सरळ, सगळ्यांत जाड अशी चार झाडं.

मी वर येऊन फोन केला. संध्याकाळपर्यंत पंचनामा झाला, माल अडवला. तुम्ही त्या गर्दीत कुठे होतात, मला आठवत नाही. तुम्हीच ते तसं ठेवलंत. पुढचा सगळा हंगाम तुम्हाला कुठल्याच टोळीनं कामावर घेतलं नाही, हे मला दोन वर्षांनी मामींकडून कळलं. मामा, तुम्ही एका शब्दानंही ते मला सांगितलं नाहीत. या पत्राचं खरं कारण ते आहे.

त्यानंतर मी कितीदा तुमच्या दारात आले असेन. चुलीपुढे बसून तुम्ही मला जे शिकवलंत ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नसतं. आजींचा सौदा उक्त्यात झाला होता. उभ्या झाडांकडे बघून व्यापाऱ्यानं एक आकडा सांगितला आणि आजींनी मान हलवली, कारण नातवाच्या दवाखान्याचा खर्च दारात उभा होता. तुम्ही तेव्हा पाटीवर मांडून दाखवलंत. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं. सहा फूट घेर आणि दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे दीड गुणिले दीड गुणिले दहा, साडेबावीस घनफूट. या हिशोबात खऱ्या लाकडापेक्षा कमी भरतं, साल आणि चौकट करताना जाणारी तूट आधीच धरलेली असते, तेव्हा व्यापाऱ्यानं वर पुन्हा सूट मागितली तर द्यायची नाही, हेही तुमचंच. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसानं मला हे शिकवलं आणि मी ते आजवर ज्या ज्या शेतकऱ्याच्या अंगणात गेले तिथे सांगत आले. झाड विकायचंच तर मोजून विका. निम्म्याहून जास्त लोकांनी ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. गावात खाकी कपडे दिसले की दंडाची पावती आली असंच लोकांना वाटतं; टेप काढून त्यांच्याच बाजूनं हिशोब मांडला की मग घरात बोलावतात.

अजून एक दिवस मला विसरता येत नाही. भुदरगडकडचं रान, एप्रिल महिना. एक जुना ढोलीचा आंबा मीच यादीत घेतला होता. वाळका दिसत होता, मालकाला नको होता, माझ्या हिशोबानं अडचण काहीच नव्हती. तुम्ही झाडाभोवती एक चक्कर मारलीत आणि करवत खाली ठेवलीत. "ह्येला हात लावत न्हाई. वर बाळंतीण हाय." मला कळेना. तुम्ही बुडाशी पडलेल्या बिया दाखवल्यात, ढिगानं, आणि वर ढोलीच्या तोंडाशी लिंपलेली एक फट. धनेश पक्षी. मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि अंडी, पिल्लं होईपर्यंत आतच राहते. नर बाहेरून त्या फटीतून तिला फळं भरवतो. झाड पाडलं असतं तर आतली मादी, पिल्लं सगळी गेली असती. आपण गप्प उभे राहिलो. अर्ध्या तासानं पंखांचा मोठा आवाज करत नर आला. मालक आमच्याबरोबरच होते. त्यांनी तो बघितला आणि स्वतःच म्हणाले, हे राहू दे. मी यादीतून झाड कमी केलं. त्यानंतर ढोली बघितल्याशिवाय मी एकाही जुन्या झाडाला नंबर टाकलेला नाही. नवीन वनरक्षक आले की त्यांना आधी खाली बघायला लावते, बिया आहेत का, आणि मगच वर.

तुम्ही झाडं तोडून पोट भरलंत आणि झाड कसं ठेवावं हे मला तुमच्याइतकं कुणी सांगितलं नाही. खुंट जमिनीलगत कापा, काप उतरता घ्या म्हणजे पाणी साचून कुजणार नाही, साल फाटू देऊ नका, मग ऐन आणि किंजळ पुन्हा फुटतात. ओढ्याच्या काठाला हात लावू नका. आजींच्या रानात ती चार झाडं जिथून गेली, तिथला काठ 2019 च्या ऑगस्टच्या पावसात खाली बसला. शेजारी झाडं होती तिथला जागेवर राहिला. काजूसाठी सगळं साफ करायला निघालेल्या कितीतरी जणांना मी ती जागा नेऊन दाखवली आहे. काहींनी ऐकलं, ओढ्याकडची पट्टी ठेवली आणि मोकळ्या जागेत माणगा, म्हणजे बांबू, लावला. 2017 साली कायदा बदलून बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे मालकीच्या रानातला बांबू नेताना आता टीपीची कटकट राहिली नाही, हेही मी त्यांना सांगते. काहींनी ऐकलं नाही. त्याचं वाईट वाटतं.

बदलीच्या ठिकाणी हजर होण्याआधी मी आजींच्या रानात जाऊन आले. आजी आता थकल्या आहेत, नातू सगळं बघतो. यादीतला अकरा नंबर आठवतो? वाटेकडचा ऐन, जो तुम्ही गुडघे टेकून, माती बाजूला करून अगदी जमिनीलगत कापला होतात, आणि मी वेळ जातोय म्हणून कुरकुरले होते. त्याला आठ-दहा फुटवे आले होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे नातवानं दोन सरळ ठेवले, बाकीचे काढले. त्यातल्या एकाला मी टेप लावली. छातीच्या उंचीवर एकोणीस इंच घेर. मगरीच्या पाठीसारखी ती साल आता धरायला लागली आहे. बुडाला जुन्या शिक्क्याचा अर्धा भाग अजून दिसतो.

पुढच्या रविवारी येते. मामींना सांगा, जेवायलाच थांबणार आहे. गुडघे चालू देत असतील तर तो ऐन बघायला जाऊ. नसतील तर नातू गाडी घेऊन येतो म्हणाला आहे, रस्त्यावरूनही तो दिसतो.

तुमची,
म्याडम