समीरला पत्र: पहिली व्हिज्युअल नॉव्हेल कुठली घ्यावी

प्रिय समीर,

तू विचारलंस एका ओळीत: 'व्हिज्युअल नॉव्हेल सुरू करायची आहे, कुठली घेऊ? आणि त्या अठरा वर्षांवरच्यांसाठी असतात, त्यांचं काय?' उत्तर मात्र लांबणार आहे. इथे नुसतं नाव सांगून भागत नाही, आवृत्तीही सांगावी लागते. एकाच कथेच्या दोन-तीन आवृत्त्या विकायला असतात, आणि नवखा माणूस कथेला कंटाळण्याआधी बहुधा चुकीच्या आवृत्तीपाशीच अडकतो.

आधी हे काय असतं ते नीट समजून घे. विकलं जातं गेम म्हणून, पण नव्वद टक्के वेळ तू वाचतच असतोस. मागे जागेचं चित्र, पुढे पात्राची आकृती, खाली मजकुराची चौकट, जोडीला संगीत आणि जपानी आवाज. क्लिक केलं की पुढचं वाक्य. मधूनच दोन-तीन पर्याय समोर येतात आणि कथेला फाटे फुटतात. काहींमध्ये तर एकही पर्याय नसतो, सरळ वाचत जायचं. इंग्रजी सराईतपणे वाचता येत असलं की झालं. मराठी अनुवादाची वाट पाहत बसू नकोस.

लांबी हा पहिला सापळा. व्हीएनडीबी नावाची या माध्यमाची मोठी सूची आहे, २००७ पासून चालू असलेली. तिथे प्रत्येक नावापुढे वाचायला लागणारा वेळ दिलेला असतो: दोन तासांच्या आतली, दोन ते दहा, दहा ते तीस, तीस ते पन्नास आणि पन्नासच्या वरची. लोक गुणांची यादी उघडतात आणि वरून पहिलं नाव उचलतात. ते असतं पन्नास तासांच्या वरचं, आणि अशा कथांत पहिले आठ-दहा तास फक्त मांडामांड चालते. मग 'यात काही घडतच नाही' म्हणून कायमचा रामराम. शिवाय त्या सूचीत पात्रांची आणि विषयांची लेबलं असतात, त्यात रहस्यं फुटतात. रहस्यं झाकायची सोय तिथेच आहे, ती चालू ठेव.

म्हणून पहिली घे 'नार्सिस्सू'. स्टेज-नाना या हौशी गटाची, २००५ मधली. स्टीम या पीसी-खेळांच्या ऑनलाइन दुकानात पहिला आणि दुसरा भाग एकत्र, फुकट मिळतो. पहिला भाग एका संध्याकाळी संपतो. मरणाच्या दारात असलेले दोघं, तो वीस वर्षांचा आणि ती बावीस, रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावरून गाडी घेऊन निघतात आणि पश्चिमेला आवाजी बेटाकडे जातात. चित्रं मुद्दाम पडद्यावरच्या एका आडव्या पट्टीपुरतीच ठेवली आहेत; बाकी सगळं शब्दांवर सोडलंय. विषय जड आहे, मन आधीच उदास असेल तेव्हा उघडू नकोस. पण क्लिक करत वाचण्याची ही तऱ्हा तुला रुचते का, याचा निकाल यात खर्च न करता लागतो.

रुचली, तर दुसरी '४२८: शिबुया स्क्रॅम्बल'. माझं मत विचारशील तर नवख्यासाठी याहून चांगलं काही नाही. मूळ २००८ चं, निन्टेंडोच्या वी या खेळयंत्रावरचं. इंग्रजीत २०१८ मध्ये प्लेस्टेशन-४ आणि पीसीवर आलं. यात काढलेली चित्रं नाहीत, खऱ्या नटांची टोकियोतल्या खऱ्या शिबुया भागात काढलेली छायाचित्रं आहेत. 'ॲनिमेचे डोळे मला झेपत नाहीत' ही तुझी तक्रार इथे गैरलागू. सकाळी दहा ते रात्री आठ, एकच दिवस, पाच जणांच्या बाजूंनी. हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी खंडणीची बॅग घेऊन एक मुलगी उभी आहे आणि एक तरुण पोलीस तिच्यावर नजर ठेवून आहे, इथून सुरुवात. दुसरीकडे एकेकाळचा टोळीप्रमुख रस्त्यावरचा कचरा उचलतोय, एक विषाणूशास्त्रज्ञ घरात अडकलाय, एक पत्रकार डेडलाइनच्या मागे धावतोय, आणि कोणीतरी मांजराच्या जाड पोशाखात बाजारात उभं आहे.

याची यंत्रणा समजली की पुष्कळ व्हिज्युअल नॉव्हेलचं व्याकरण समजतं. एका पात्राने घेतलेला साधा निर्णय दुसऱ्याच्या कथेत जाऊन फुटतो. समज, पोलिसाची कथा एकाएकी वाईट शेवटावर आपटली. तर चूक त्याच्या पर्यायात असेलच असं नाही. त्याच तासात दुसरा कुणीतरी चुकीच्या वेळी चुकीच्या गल्लीत शिरलेला असतो. तिकडे जाऊन त्याचा पर्याय बदलायचा, म्हणजे इकडची वाट मोकळी होते. कधी कथा 'आत येऊ नका' अशा पाटीवर थांबते. तिथे दुसऱ्या पात्राच्या मजकुरातल्या ठळक रंगाच्या शब्दावरून उडी मारून यावं लागतं. वाईट शेवट डझनांनी आहेत आणि ते शिक्षा म्हणून नाहीत, बरेचसे विनोदी आहेत. प्रत्येकानंतर इशाराही मिळतो. नवखे इथे घाबरून इंटरनेटवरचा मार्गदर्शक उघडतात आणि सगळी गंमत घालवून बसतात. या एका खेळात मार्गदर्शक उघडायचा नाही.

'स्टाइन्स गेट'मध्ये मात्र बरोबर उलटं. २००९ ची, टोकियोतल्या अकिहाबारा भागातली कालप्रवासाची कथा, तीस-चाळीस तासांची. इथे पडद्यावर पर्याय येतच नाहीत. नायकाच्या हातातला मोबाइल हाच पर्याय. ईमेल येते, तिच्यात काही शब्द अधोरेखित असतात. त्यातल्या ज्या शब्दावर क्लिक करशील तसं उत्तर जातं. कधी फोन उचलणं-न उचलणं, कधी संदेश पाठवणं-न पाठवणं. खरा शेवट मिळण्यासाठी ठरावीक ईमेलना ठरावीक उत्तरं लागतात, आणि ती आपल्या आपण जुळणं जवळपास अशक्य. तेव्हा एकदा मनाने वाच, जो शेवट येईल तो घे, आणि मग रहस्य न फोडणारा, फक्त उत्तरांची यादी देणारा मार्गदर्शक समोर ठेवून खऱ्या शेवटाकडे जा. पहिला अर्धा भाग संथ आहे हे मान्य. तिथल्या फालतू वाटणाऱ्या गप्पांची वसुली पुढे होते.

ज्यांना पर्यायांची कटकट नको त्यांच्यासाठी 'हिगुराशी'. २००२ पासून कोमिकेत या हौशी प्रकाशनांच्या मेळ्यात भागाभागाने विकली गेलेली, १९८३ च्या एका खेड्यातली खुनांची मालिका. आठ भाग, पर्याय शून्य. पहिले चार प्रश्न टाकतात, पुढचे चार उत्तरं देतात; क्रम मोडलास तर सगळं वाया. स्टीमवर भाग सुटे मिळतात, म्हणून फक्त पहिला घेऊन बघ. त्याचा अर्धा भाग शाळकरी पोरांच्या पत्त्यांत आणि थट्टेत जातो. तो दमाने वाच, पुढची भीती त्याच थट्टेतून उगवते. लेखकाने स्वतः काढलेली जुनी चित्रं ओबडधोबड आहेत. नवी हवी असतील तर खेळातच बदलता येतात.

आता अठरा वर्षांवरच्यांबद्दल. ही छाप का असते ते कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. नव्वदच्या दशकात जपानी पीसीवर या कथा विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचा गिऱ्हाईक प्रौढांच्या कपाटापाशीच उभा असायचा, त्यामुळे गंभीर कथेतही दोन-चार शय्यादृश्यं घालण्याची रीत पडली. नंतर तीच कथा प्लेस्टेशनवर गेली की दृश्यं काढली जात. १९९२ पासून जपानमधल्या सॉफ्टवेअर नीतिसंस्थेची अठराची मोहोर आणि जपानी दंडविधानाच्या कलम १७५ मुळे येणारा मोझेकचा, म्हणजे चित्राचा भाग चौकोनी ठिपक्यांनी झाकणारा पट्टा, या दोन्ही गोष्टी तुला जुन्या खेळांत दिसतील. तो पट्टा म्हणजे तुझ्या संगणकाचा बिघाड नव्हे.

तर 'प्रौढ' या शब्दाखाली तीन वेगळे प्रकार येतात. एकात फक्त दृश्यंच असतात आणि कथा तोंडी लावायला. ते प्रकरण मी तुला सुचवत नाही. दुसऱ्यात कथा मोठी आणि दृश्यं चिकटवलेली. 'फेट/स्टे नाइट' हे याचं ठळक उदाहरण: २००४ ची मूळ पीसी आवृत्ती अठरावरची, पण २००७ मध्ये दृश्यं काढून प्लेस्टेशन-२ वर आली आणि २०२४ मध्ये तीच सुधारून इंग्रजीत स्टीम आणि निन्टेंडो स्विचवर मिळू लागली. तीच घे. काही गमावत नाहीस, उलट आवाज मिळतात. तीन मार्ग ठरलेल्या क्रमानेच उघडतात, पहिला जरा कंटाळवाणा आहे, तिसऱ्यासाठी दम राख.

तिसऱ्या प्रकारात विषयच प्रौढ असतो. 'द हाउस इन फाटा मॉर्गाना' बघ, मूळ २०१२ ची, इंग्रजीत २०१६ पासून. एक पडका वाडा, एक दासी, आणि एकेका दारामागे एकेक शतक: १६०३, १७०७, १८६९. उघड शय्यादृश्य एकही नाही, पण हिंसा, छळ, लैंगिक अत्याचार हे सगळं कथेच्या पोटात आहे. पहिल्या तीन दारांत 'ठीक आहे' वाटेल. चौथ्यापर्यंत जा, मग बोलू. 'व्हाइट अल्बम' ही १९९८ ची प्रौढ आवृत्ती, कॉलेजातला तरुण आणि गायिका होऊ घातलेली त्याची मैत्रीण यांच्यातल्या बेइमानीची कथा. तिची सर्वांसाठीची आवृत्ती २०२३ पासून इंग्रजीत स्टीमवर आहे. पुरुषांमधल्या प्रेमाची, खरोखर अठरावरची हवी तर 'ड्रामॅटिकल मर्डर', २०१२. मुख्य पात्रं प्रौढ आहेत, मात्र वाईट शेवट फार क्रूर आहेत. वहिनींना काही सुचवायचं असेल तर 'कॉलर × मॅलिस' सांग: नायिका शिंजुकूतली तरुण पोलीस, प्रेमकथा आणि गुन्ह्याचा तपास हातात हात घालून चालतात. 'सेंगोकू रान्स' हे २००६ चं नाव तुझ्या कानावर येईलच. डावपेचांचा खेळ म्हणून तो जबरदस्त आहे, पण त्याचा नायक बलात्कारी आहे आणि खेळ ते विनोदावारी नेतो. मी तो कुणाला पहिला सोड, दहावा म्हणूनही देणार नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. प्रौढ खेळांपैकी मोठा भाग शाळेत घडतो आणि सुरुवातीला 'सर्व पात्रं अठरा वर्षांवरची' अशी ओळ असते. गणवेश, वर्ग, वय स्पष्ट दिसत असताना त्या ओळीला मी काडीची किंमत देत नाही. शाळेतली कथा असेल तर सर्वांसाठीची आवृत्ती घ्यायची, आणि ती नसेल तर ते नावच सोडायचं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब अल्पवयीनांचं अश्लील चित्रण शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हेही गुन्ह्यात धरतं. 'हे तर नुसतं काढलेलं चित्र' या बचावावर विसंबू नकोस. कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर हेच राहील.

खरेदी स्टीमवर कर, किंवा जास्ट यूएसए, मँगागेमर अशा प्रकाशकांच्या दुकानातून. बऱ्याचदा स्टीमवर कापलेली आवृत्ती असते आणि उरलेला भाग प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पॅच म्हणून मिळतो. तो लावायचा असेल तर वाचायला सुरुवात करण्याआधी लाव. मध्येच लावलास तर काही खेळांत आधीचं सेव्ह उघडत नाही. स्टीममध्ये खेळाच्या फाइली तपासण्याची आज्ञा दिलीस तर पॅच पुसला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेव. मित्रयादीत सगळ्यांना दिसू नये असं वाटलं तर तो खेळ खासगी म्हणून खुणावता येतो.

पहिल्यांदा उघडल्यावर सेटिंगमध्ये जा. 'फक्त वाचलेलं वगळा' हे चालू ठेव. 'सगळं वगळा' असेल तर कंट्रोल दाबताच न वाचलेली पानंही उडतात आणि तुला पत्ता लागत नाही. क्लिक केल्यावर आवाज तुटू नये याचीही सोय बहुतेकांत असते. माउसचं चाक वर फिरवलं की मागचा मजकूर दिसतो. सेव्ह प्रत्येक पर्यायाच्या आधी आणि दर वेळी नव्या रकान्यात. एकाच रकान्यावर लिहीत गेलास तर चुकलेल्या फाट्यावरून परत फिरायला जागा उरत नाही.

जुने जपानी खेळ विंडोजवर चालू होत नाहीत किंवा अक्षरांच्या जागी कचरा दिसतो, त्याचं कारण बहुधा सिस्टिम लोकेल, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमची अक्षरं कुठल्या भाषेची धरायची हे ठरवणारं विंडोजचं सेटिंग. प्रदेश आणि भाषेच्या सेटिंगमधल्या प्रशासकीय भागात जाऊन ते जपानी कर, तिथलाच यूटीएफ-८ चा बीटा पर्याय बंद ठेव आणि संगणक पुन्हा सुरू कर. आणि तुझं विंडोजचं खातं मराठीत 'समीर' नावाने असेल, तर फोल्डरच्या वाटेत देवनागरी येते. जुन्या इंजिनांना ती वाचता येत नाही आणि सेव्ह होत नाही. खेळ सरळ सी ड्राइव्हवर, इंग्रजी अक्षरांत नाव असलेल्या फोल्डरमध्ये टाक. तरीही सेव्ह होत नसेल तर रोमन अक्षरांत नवं खातं काढ, नुसतं दिसणारं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही.

'नार्सिस्सू' आज रात्रीच उतरवून घे. '४२८' सेलमध्ये बरंच उतरतं, स्टीमचे मोठे सेल जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस असतात, तोवर थांबलास तरी चालेल. शिबुयात दुपारपर्यंत पोचलास की कळव. पोलिसाच्या बाजूला कुठे अडलास ते नक्की लिही, पण मी उत्तर सांगणार नाही, फार तर कुणाच्या कथेत शोधायचं तेवढं सांगेन.

तुझा,
अनिरुद्ध