पुन्हा सांगा, बाबा

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री पेलाभर पाण्यात खडेमीठ टाकून ओट्यावर ठेवलं. सकाळी खडा नव्हताच. पेला ढवळून वरचं पाणी चाखलं, थोडं ओतून मधलं, मग तळाचं. सगळं सारखंच खारट. बाबा, छांदोग्य उपनिषदातली ही गोष्ट तुम्ही सांगितलीत, तेव्हा "मीठ विरघळतं, त्यात ब्रह्म कुठून आलं?" म्हणून मी ताटावरून उठले होते. नुकतीच इंजिनिअर झाले होते.

या महिन्यात त्यातला सहावा अध्याय अर्थासह वाचला. श्वेतकेतू बाराव्या वर्षी शिकायला जातो आणि चोविसाव्या वर्षी परततो तो ताठ्यातच. वडील, उद्दालक, त्याच्यावर चिडत नाहीत. (तुम्हीही चिडला नव्हतात.) वडाचं फळ फोडायला लावतात, मग त्यातलं इवलंसं बी. आत काय दिसतं? काहीच नाही. जे तुला दिसत नाही, त्यातूनच हा एवढा वड उभा आहे. तेच सत्य, तोच आत्मा, 'तत्त्वमसि', ते तूच आहेस. दाखले बदलत हे नऊ वेळा सांगतात. ब्रह्म डोळ्यांना दाखवता येत नाही, तर मिठाच्या पाण्यातून लेकाच्या जिभेवर त्याची चव ठेवतात! तिथे माझे डोळे भरून आले.

आई, तुझी मात्र माफी मागायची आहे. "मला हात जोडायला समोर देव हवा," असं तू म्हणायचीस आणि मला ते भाबडं वाटायचं. आता कळलं, शंकराचार्य ज्या शब्दांत 'ते तूच' वाचतात, तेच शब्द तेराव्या शतकात उडुपीच्या मध्वाचार्यांनी 'अतत् त्वम् असि' असे फोडले: ते तू नाहीस. जीव वेगळा, ईश्वर वेगळा, कायमचाच. देवघरात चंदन उगाळताना तू जे धरून होतीस, त्यामागे एक अख्खं दर्शन उभं आहे. मी कधी नीट विचारलंच नाही तुला.

आणि बाबा, तुमच्या ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी मला सोडत नाहीये. माउली नमन करतात ते 'आत्मरूपा'ला. आपल्याच रूपाला नमस्कार, तर मग हात जोडणारा कोण उरतो? मला वाटतं, तुमचं आणि आईचं भांडण तिथे मिटत असावं, पण कसं ते उलगडत नाही.

दाखला संपला की श्वेतकेतू म्हणतो, पुन्हा समजावून सांगा. मलाही सांगा. रविवारी आईची पूजा आटोपली की फोन करते. स्पीकरवर ठेवा, दोघांशी बोलायचंय.

तुमची,
ताई